दोघांपैकी थोरला

टेंभी नाक्यावरच्या अण्णा टिपणिसांना इंग्रजी येतं, असं कुणी म्हटलं तर अण्णांना तो अपमान वाटे. इंग्रजी काय, तेव्हा ठाण्यात पुष्कळांना येत होतं. मॅट्रिक झालेला कुणीही पोरगा अर्ज खरडत होता. अण्णांची विद्या निराळी होती. फोर्टातल्या एका सॉलिसिटरच्या कचेरीत त्यांनी एकतीस वर्षं कारकुनी केली, आणि तिथल्या दस्तांत माणसाचं नाव एकदाच येई. पुढची सहा पानं सगळा कारभार 'सदर इसम', 'उपरोक्त', 'तो', 'त्याचा' आणि 'दुसरा' यांच्यावरच चाले. यातला कोणता 'तो' कुणाचा, हे भल्याभल्यांना उमगत नसे. अण्णा उजव्या हाताचं बोट ओळीवर ठेवत, डाव्या हाताचं मागच्या पानावर नेत, आणि दोन बोटांच्या मध्ये त्या 'तो'ला नेमका पकडत. दस्त अडला की वकीलसुद्धा म्हणत, टिपणिसांकडे पाठवा.

अठ्ठेचाळीस साली निवृत्त झाल्यावर अण्णांनी ही विद्या ओट्यावर आणली. रविवारी सकाळी चहा झाला की ते ओट्यावर आरामखुर्ची टाकून बसत आणि माणसं कागद घेऊन येत. घरमालकाच्या वकिलाची नोटीस, गिरणीतून आलेलं पत्र, पलटणीतून सुटून आलेल्याचा दाखला, काय वाट्टेल ते. अण्णा कुणाकडून पै घेत नसत. पण माणसांनी गप्प बसून आपल्या तोंडाकडे बघावं, एवढं त्यांना लागे आणि ते मिळतही असे. आता खरं सांगायचं तर या ओट्यानंच त्यांना बिघडवलं. कचेरीत मागचं पान उलटून पाहायची लाज नव्हती. तो कामाचाच भाग होता. इथं दहा माणसांसमोर मागं जाऊन बघायचं म्हणजे आपल्याला आलं नाही, असं दिसेल की काय, असं अण्णांना वाटायला लागलं. मग डाव्या हाताचं बोट हळूहळू सुटलं. अण्णा एका दमात वाचत, कागदाची घडी घालत आणि मग अर्थ सांगत. घडी घातल्यावर पुन्हा उलगडायची नाही, ही त्यांची ऐट होती.

त्यांच्याकडे येणाऱ्यांत डोंबिवलीजवळच्या मानपाड्याच्या अलीकडच्या आगरी वस्तीतला काळुराम म्हातारा होता. त्याचे दोन पुतणे, एकमेकांचे चुलतभाऊ, आनंदा आणि भिवा, आगबोटीवर भट्टीत कोळसा ओढायला होते. शेचाळीस साली त्यांच्या भरतीचे अर्ज अण्णांनीच, एका सुट्टीच्या दिवशी, याच ओट्यावर बसून भरले होते. वस्तीत टपाल वेळेवर पोचत नसे, म्हणून पत्ताही अण्णांचाच दिलेला. तेव्हापासून कंपनीचं जे काही येई ते टेंभी नाक्यावर येई, आणि अण्णा कार्ड टाकून काळुरामला बोलावून घेत.

एक्कावन्न सालच्या फाल्गुनात कंपनीचं एक पत्र आलं. आफ्रिकेतल्या एका बंदराजवळ भट्टीची वाफ फुटली होती, आनंदा आणि भिवा दोघंही भाजले होते आणि तिथल्या इस्पितळात होते. त्यात दोघांची नावं होती, गाव होतं, सगळं होतं. पंधरा दिवसांनी दुसरं आलं. ते चार ओळींचं होतं. आमच्या मागील पत्रात उल्लेखिलेल्या दोघा आगवाल्यांपैकी थोरला अमुक तारखेला मरण पावला हे कळवण्यास दुःख होतं. धाकटा सुधारत असून जहाज मिळताच त्याला परत पाठवण्यात येईल. एवढंच. नाव टंकायचे कष्ट त्या कारकुनानं घेतले नव्हते.

काळुराम आला तो दोघा भावकीतल्यांना घेऊन. ओट्यावर आणखी चारपाच माणसं होतीच. अण्णांनी चष्मा लावला, एका दमात वाचलं आणि घडी घातली. मग जरा थांबून, आवाज खाली आणून त्यांनी सांगितलं.  काळुरामनं विचारलं, "अण्णा, नाव लिवलंय का त्यान?"

या प्रश्नात अण्णांना राग येण्यासारखं काही नव्हतं. पण आला. आपण सांगितल्यावर पुन्हा विचारायचं म्हणजे काय, असं त्यांना वाटलं.

"नाव कशाला लागतं?" ते म्हणाले. "थोरला म्हटलंय. तुमच्या घरात थोरला कोण, ते मी सांगू?"

"थोरला म्हंजे आमचा आनंदा," काळुराम म्हणाला आणि त्यानं डोक्यावरचा टॉवेल काढून तोंडाला लावला.

संध्याकाळपर्यंत वस्तीत रडारड झाली. आनंदाची बायको हिरूबाई हिच्या हातातल्या बांगड्या भावकीतल्या विधवा बायांनी फोडल्या, कुंकू पुसलं, काळी पोत काढून घेतली. भिवाची बायको गंगूबाई हिनं सगळ्यांत जास्त आकांत केला, असं पुढं काळुरामनंच अण्णांना सांगितलं. जावेला ती दहा दिवस स्वतःच्या हातानं भरवत होती. आपला वाचला आणि हिचा गेला, या गोष्टीची तिला अपराध्यासारखी बोचणी लागली होती.

चैत्र लागला. हिरूबाईच्या नावानं मृत्यूचा दाखला मागवायचा होता, तो अर्ज अण्णांकडे आला. अर्जात मयताचं नाव, गाव, वय, भरतीच्या वेळी लिहिलं होतं तसंच्या तसं लिहावं लागे. अण्णा प्रत्येक अर्जाची स्थळप्रत ठेवत. ही कचेरीची सवय मात्र सुटली नव्हती. त्यांनी पत्र्याची पेटी काढली, शेचाळीस सालचं बंडल सोडलं आणि दोन कागद शेजारीशेजारी ठेवले. अक्षर त्यांचं स्वतःचं होतं, वळणदार. भिवा, वय एकतीस. आनंदा, वय अठ्ठावीस.

अण्णांना सगळं आठवलं. भरतीच्या वेळी सारंगानं, म्हणजे खलाशांच्या मुकादमानं, सांगितलं होतं की पस्तिशीच्या वरचा माणूस भट्टीला घेत नाहीत. आनंदा तेव्हा अडतिसाचा होता. रडकुंडीला आला होता बिचारा. अण्णांनीच त्याला मिशा काढून ये म्हणून सांगितलं आणि वयाच्या रकान्यात अठ्ठावीस घातले. जरा थट्टाही केली होती, तुला दहा वर्षं बक्षीस दिली म्हणून. भिवाचं वय खरं होतं, ते तसंच ठेवलं. म्हणजे घरातला थोरला कागदावर धाकटा झाला होता, आणि तो करणारा हात हाच होता.

आता त्या कंपनीच्या कारकुनानं 'थोरला' म्हटलं ते कुणाला? त्यानं काही आनंदा पाहिला नव्हता, भिवाही पाहिला नव्हता. त्याच्या मेजावर फक्त कागद होते. कागदावरचा थोरला भिवा.

ज्या माणसानं एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या दस्तांतला 'तो' कुणाचा ते शोधून दिलं, त्याला स्वतःच्या हातानं लिहिलेल्या कागदातला थोरला ओळखता आला नव्हता. यात इंग्रजी अवघड होतं असंही नाही. मागं जाऊन पाहायचं होतं, एवढंच. पेटी भिंतीला लागून होती, ओट्यापासून वीस पावलांवर.

इथं कुणीही सरळ माणूस काय करेल? टोपी घालेल आणि फोर्टात जाऊन त्या कंपनीच्या खिडकीत विचारेल. रोज एकतीस वर्षं जिथं गेले त्या भागात जायला अण्णांना रस्ता विचारावा लागणार नव्हता. पण अण्णांनी पत्र लिहिलं. मयताचं पूर्ण नाव कृपया कळवावं. जाऊन विचारलं असतं तर दुपारीच कळलं असतं. पत्रानं चार दिवस मिळणार होते. त्या चार दिवसांत ते मनाशी वकिली करत राहिले. इस्पितळातल्या डॉक्टरानं तोंडाकडे बघून थोरला ठरवला असेल. आनंदाचे कानावरचे केस पिकलेले होते. खात्री झाल्याशिवाय बोलणं हा दुसरा गुन्हा होईल. हे सगळं बरोबर होतं आणि त्यातला शब्द न् शब्द लबाडीचा होता, हे अण्णांना कळत होतं.

बुधवारी उत्तर आलं. मयताचं नाव भिवा.

अण्णांनी पत्र कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. उद्या जाऊ म्हणाले. गुरुवारी डोंबिवलीचं तिकीट काढायला स्टेशनाकडे निघाले आणि मासळीबाजारापासून परत आले. काळुरामच्या अंगणात उभं राहून काय बोलायचं, याची पहिली दोन वाक्यं त्यांना जमत होती. तिसरं जमत नव्हतं. तिसऱ्या वाक्यात 'मी' यायला हवा होता.

शुक्रवारी अण्णांच्या घरी चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. त्यांच्या पत्नी सुमतीबाईंनी आंब्याची डाळ आणि पन्हं केलं होतं, आळीतल्या बायका येत-जात होत्या. अण्णा ओट्यावर बसले होते. तेवढ्यात गंगूबाई आली. डोक्यावर रिकामी पाटी होती; बाजारात भाजी विकून ती परत निघाली होती. नवऱ्याची बातमी विचारायला ती दर आठवड्याला यायची.

"अण्णा, त्यांचा कायी कागूद आयला का? कवा येनार?"

कोटाच्या आत छातीपाशी कागद होता. अण्णा खुर्चीतून उठले आणि खांबाकडे तोंड करून म्हणाले, "अजून काही नाही."

ती निघणार एवढ्यात सुमतीबाईंनी आतून पाहिलं. सवाष्ण दारातून तशीच जाऊ नये, म्हणून त्यांनी हाक मारून तिला आत घेतलं. गंगूबाई संकोचली. घामानं भिजलेलं लुगडं, मातीचे पाय, आत आळीतल्या पैठण्या. पण सुमतीबाईंनी हाताला धरून बसवलं. हळद लावली, कुंकू लावलं, भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओटी भरली. गंगूबाई हसत होती. कुंकू जरा जास्त झालं म्हणून नाकावर सांडलं, तेव्हा सगळ्या बायका म्हणाल्या, नवऱ्याचं प्रेम आहे गं. अण्णा चौकटीत उभे होते. त्यांना दिसत होतं. एक शब्द उच्चारला असता तर ते सगळं थांबलं असतं. ते मागच्या दारानं विहिरीकडे निघून गेले.

बायका पांगल्यावर अण्णांनी सुमतीबाईंना सांगितलं. खिशातला कागद काढून दाखवला, पेटीतल्या स्थळप्रतीही दाखवल्या. सुमतीबाई हळदीकुंकवाची भांडी विसळत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हात तसेच पाण्यात ठेवून म्हणाल्या, "मी तिच्या कपाळाला कुंकू लावत होते आणि तुम्ही बघत होतात."

 अण्णांना वाटत होतं की त्यांनी भांडावं, चार शब्द सुनवावेत. त्यांनी ताट वाढलं आणि शेजारी बसल्या नाहीत. पस्तीस वर्षांच्या संसारात अण्णा पहिल्यांदा स्वतःच्या घरात परक्यासारखे जेवले, म्हणजे जेवले नाहीतच.

शनिवारी डोंबिवलीला उतरून ते भर दुपारी वस्तीपर्यंत चालत गेले. फुफाटा नुसता भाजत होता. काळुरामच्या अंगणात मांडवाच्या सावलीला म्हातारा जाळं सांधत बसला होता. हिरूबाई ओसरीत भात पाखडत होती. हात कोपरापर्यंत उघडे. गंगूबाई तिच्याजवळच होती. अण्णांनी पाणी घेतलं नाही. उभ्यानंच सांगितलं. आधी भिवा गेला हे सांगितलं, मग आनंदा जिवंत आहे हे, आणि मग वयाच्या रकान्यात आपण काय केलं होतं ते. तेवढं त्यांनी लपवलं नाही, हे त्यांच्या बाजूनं लिहून ठेवायला हवं.

गंगूबाई रडली नाही. ती भिंतीपाशी खाली बसली. कालचं कुंकू धुऊन फिकट झालं होतं. हिरूबाईच्या हातातलं सूप खाली पडलं. नवरा जिवंत आहे हे कळलेली बाई हसते की काय करते, अण्णांना माहीत नव्हतं. हिनं आधी आपली उघडी मनगटं पदराखाली झाकली. मग ती जावेजवळ जाऊन बसली, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि अण्णांकडे पाहून बोलली.

"कागदान नाव नव्हतं ना? मंग नाव नाय, येवरंच सांगाचं व्हतं. थोरला कोन हे तुमाना कुनी इचारलं व्हतं?"

अण्णा म्हणाले, चुकलं. तो शब्द त्यांच्या तोंडून ओट्यावर कधी निघाला नव्हता. इथं निघाला आणि अगदीच तोकडा पडला.

मग हिरूबाईनं दुसरं विचारलं. "तुमाना ह्ये कवा समाजलं?"

अण्णांनी कागद हातात धरला होता. त्याच्या माथ्यावर तारीख टंकलेली होती, ठसठशीत. त्या अंगणात ती वाचू शकणारा माणूस एकच होता. अण्णांनी कागदाची घडी घातली आणि म्हणाले, "आज सकाळी. सकाळच्या टपालानं."

काळुराम उठला. रडतच होता, पण त्यानं पुढं येऊन अण्णांचे पाय धरले. सकाळी कागद मिळाला आणि हा बामणासारखा नाजूक माणूस या उन्हात धावत आला, असं तो भावकीतल्या जमलेल्यांना सांगायला लागला. त्याला अण्णा कायस्थ आहेत हे कधी नीट कळलंच नव्हतं. अण्णांनी त्याला उठवलं. त्याला उठवताना खरं सांगून टाकायची एक वेळ आली होती आणि गेली.

वैशाखात आनंदा परत आला. उजवा हात आखडलेला, मान भाजलेली. हिरूबाईनं तो दारात उभा राहीपर्यंत कपाळाला काही लावलं नव्हतं; खोट्या कागदानं पुसलेलं खऱ्या कागदानं लागणार नाही, माणूस दिसू दे, म्हणाली. आनंदानं अण्णांना दोष दिला नाही. दहा वर्षं चोरली होती ती आपणच, असं तो म्हणे. चुकीची गोष्ट वस्तीत हळूहळू मागं पडली. पुढं वर्षानुवर्षं लोक सांगत राहिले ते दुसरंच: अण्णांचा माणूस म्हणून मोठेपणा कसा, तर कागद हातात पडल्या दिवशी पायी चालत आले, स्वतःची चूक स्वतःच्या तोंडानं सांगितली. ठाण्याच्या बाजाराला जाता-येता आगरी बाया एकमेकींना ओट्यावरचे अण्णा दाखवत. ही वाहवा अण्णांना अंगावर घ्यावी लागे. कुणी ती सुरू केली की ते आत पाणी प्यायला उठत. रविवारी कागद ते अजूनही वाचत, पण घडी घालत नसत. हा कोण, तो कोण, आधीचं पत्र कुठं आहे, असं लहान मुलासारखं विचारत बसत, आणि माणसं म्हणत, अण्णा थकले.

पण त्याच वैशाखातली एक गोष्ट कुणाला माहीत नाही. भिवाच्या दाखल्याच्या अर्जावर गंगूबाईचा अंगठा हवा होता, म्हणून अण्णा शाईची डबी घेऊन वस्तीवर गेले. पुरुष शेतावर होते. ओसरीत ती एकटीच होती, आणि आत हिरूबाई भाकऱ्या थापत होती; तिच्या नव्या बांगड्यांचा आवाज बाहेर येत होता. अण्णांनी अर्ज मांडीवर घेतला आणि एकेक रकाना तिला मराठीत सांगत भरत गेले. नाव, गाव, वय. वय लिहिताना त्यांचा हात जरा थांबला. मग शेवटचा रकाना आला: मृत्यूची बातमी वारसाला कोणत्या दिवशी मिळाली.

"कंचा वार लिवताव?" गंगूबाईनं विचारलं.

"शनिवार. मी आलो तो."

ती शाई लागलेल्या अंगठ्याकडे बघत राहिली. आवाज चढवला नाही, आत ऐकू जाऊ नये एवढाच ठेवला.

"सुक्करवारी मी वट्यावं इचारलं तवा तुमी खांबाकरं तोंड केलं. कागूद तवाच आयला व्हता."

अण्णांनी टाक खाली ठेवला. नाही म्हणावं असं त्यांना वाटलं आणि म्हणवेना. हो म्हणायलाही तोंड उघडेना. कपाळ पांढरं असलेल्या त्या बाईसमोर ते मान खाली घालून बसले. 

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "शनवारच लिवा. काकाचा तुमच्यावं लय इस्वास हाय, म्हातारा मरंल."

अण्णांनी शनिवारची तारीख लिहिली. गंगूबाईनं विचारलं, कुठं, आणि त्यांनी बोटानं जागा दाखवल्यावर तिनं त्या तारखेच्या खाली आपला अंगठा नीट दाबून उमटवला.